येळवशीच्या दिशी कोंबडीची पिल्लं

मागल्या महिन्यात बायकोच्या भावाचा पोरगा नव्या नवरीला घेऊन आळंदला आमच्या घरी आला. हळद अजून नखात हुती दोघांच्या. च्या पिले, इकडचं तिकडचं बोलले, आन् पोरगा म्हनला, "मामा, आमी दोघं मिळून व्हॅन घ्यायलाव. अर्जंट मालाची. तुमी आन् आत्या हीच लाईन केलाव की जन्मभर. दोन शब्द सांगा."

मला हसूच आलं. मला सल्ला इचारायला आजपतोर कुनी आलं नव्हतं, चुकून बी. मी शाळेत गेलो एकदाच, म्हैस सुटून आत शिरली हुती तवा तिला हाकलायला. आपल्या गाडीचा नंबर मला वाचता येत न्हाई, उजव्या दाराच्या पोच्यावरून मी गाडी वळखतो. एकदा दुसऱ्याच्या गाडीला तसाच पोचा पडला, तर मी अड्ड्यावर त्याच्याच गाडीत जाऊन बसलो आन् चावी लागंना म्हनून चावीला शिव्या द्यायलो. मालक मागं सीटवर झोपलेला. उठून म्हनला, "अन्ना, झोपू दे की रे, तुझी गाडी पलीकडं हाय."

हे सांगितलो तर नवी नवरी तोंडाला पदर लावून हसली. बायको चुलीपाशी हुती, ती हसली न्हाई.

"येळवशीचं सांगा," म्हनली. "बाकीचं आपोआप शिकतेत."

आमचा धंदा असा हुता. ट्रकवाला गाडी भरल्याशिवाय हलत न्हाई. ज्याला थांबायला जमत न्हाई त्यो आमच्याकडं यायचा. कुनाच्या तुरीच्या मिलचा पट्टा तुटलाय, कुनाच्या लगनातला बर्फ कमी पडलाय, कुनाला फुलं पायजेत. माल बघितला तर पोतंभर, पन मालकाचं तोंड बघितलं तर जीव कासावीस. दोर बायको बांधायची. मी बांधलेला दोर एकतर वाटंतच सुटायचा, न्हाईतर पोचल्यावर सुटायचाच न्हाई. वाट बी तीच इचारायची, कानडीत, हिंदीत, औरादकडं गेलं की तोडक्या तेलगूत. चुकायचं काम तेवढं माझ्याकडं.

त्या टायमाला संतपूरच्या अलीकडं एक जोडपं हुतं. जयभीमवाले. पोरगा बिदरात शिकलेला, नोकरी काय लागली न्हाई. दोघांनी मिळून शेताच्या तुकड्यात कोंबड्यांची शेड उभी केली. भिंती तिनं लिपलेल्या, पत्रा त्यानं ठोकलेला. पयली खेप पिल्लांची यायची हुती, हैदराबादेकडच्या हॅचरीतून, एका दिवसाची पिल्लं. त्यो मला येऊन म्हनला, "अन्ना, जिती आना. बाकी मी काय मागत न्हाई. ही जगली तर आमी गावात ऱ्हाताव. न्हाई जगली तर दोघं बी हैदराबादेला गवंड्याच्या हाताखाली."

मी छातीवर हात मारलो. माझी छाती तशी कवाच खरं बोललेली न्हाई.

पिल्लं निघायचा दिवस कळला तर बायको म्हनली, "अवो, त्या दिशी येळवस हाय."

"मंग? कोंबडीला काय पंचांग कळतंय? निघायची तवा पिल्लं निघनार."

"कोंबडीला न्हाई कळत, मानसास्नी कळतंय. कोन सोडील आपल्याला?"

"आपन जेवायला जायलाव का? गाडीत पिल्लं हायत, असं सांगू."

"तुमी सांगताल आन् ते ऐकतील! घरात मी ऐकत न्हाई, ते कामून ऐकतील?"

आमच्या भागात येळ अमावस्येला, म्हंजे येळवशीला, गाव ओस पडतंय. सगळे गाड्या जुंपून रानात जातेत. शेतात कडब्याची कोप करायची, आत पाच दगड पांडव म्हनून मांडायचे, पूजा करायची आन् शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, खीर खायची. आन् शेताजवळून जानारा कुनी बी असो, वळखीचा का बिनवळखीचा, त्याला जेवल्याबिगर सोडायचं न्हाई. त्यो उपाशी गेला तर शेताचा अपमान. आमी बसवन्नाचे, लिंगायत, तरी आमी बी हेच करताव. दुसऱ्याच्या बैलासमोर उभं ऱ्हाऊन मी सोता किती जनांस्नी बळंच जेवू घातलो आसंल!

हॅचरीवाल्यानं डबे गाडीत रचले. पुठ्ठ्याचे डबे, भोकं पाडलेले, आत नुसती चिवचिव. दार लावताना मला म्हनला, "मियाँ, रुकना नक्को. गाडी चलती रही तो हवा लगती. रुकी तो अंदर दम घुटता इनका."

म्हंजे थांबायचं न्हाई. एवढीच गोष्ट. गाडी चालली की फटीतून वारा जातोय, थांबली की पत्रा तापतोय आन् आतली पिल्लं कोंडून मरतेत. थंडीचे दिवस, पन आमच्याकडचं दुपारचं ऊन तुमाला ठाऊक हाय.

बिदरपतोर झकास आलाव. बायको मागल्या पत्र्याला कान लावून बसलेली. "वरडायलेत," म्हनायची आन् खुश व्हायची. पिल्लं वरडली की बरं, गप झाली की काळजी. बिदर सोडलं आन् डांबरी रोडच्या दोन्ही बाजूला रानं भरलेली. ज्वारी डोक्याएवढी, तिच्यात कोपी, बैलं सुटलेली, पोरंबाळं. पयल्याच वळनावर एक म्हातारा दोन्ही हात पसरून रोडच्या मधोमध उभा. त्याला उडवून जायची सोय नव्हती.

"अप्पा, गाडीत पिल्लं हायत, मरतेत," मी म्हनलो.

"पिल्लास्नी बी आनू का आंबील?" म्हनला म्हातारा. सगळे हसले. मी बी हसलो, काय करनार. उभ्या उभ्या खातो म्हनलो तर म्हनला, "उभ्यानं बैल खातो." बसवला. बायको मागचं दार उघडून पदरानं वारा घालायली, तर बाया तिला कुंकू लावायला घेऊन गेल्या. सवाष्ण दाराशी आलेली, तिला कोन सोडतंय?

गाडीत बसलाव तर बायको म्हनली, "चला लौकर. आवाज कमी आलाय."

हितं मला अक्कल सुचली. मला अक्कल सुचली की बायको देवाचं नाव घेते. मी म्हनलो, डांबरीला सगळे हात दाखवनार. आपन आतल्या गाडीवाटंनं जाऊ. तिकडं कोन बघतंय?

"डांबरी सोडू नका," म्हनली.

"तुला काय कळतंय?"

आन् वळवलो गाडी.

आता मला सांगा, येळवशीला मानसं शेतात कशी जातेत? गाडीबैलानं. आन् गाड्या सोडतेत कुठं? वाटंत! पयली गाडी वाटंत आडवी, बैलं सोडून झाडाखाली. वळवायला जागा न्हाई, एका बाजूला नाला, एका बाजूला तूर. मागं घेतलो तर मागनं बी एक गाडी येऊन थांबलेली, तिचे बैल सुटले बी. मी मधी सापडलो, पिंजऱ्यातल्या उंदरावानी, आन् पिंजऱ्यात मी सोता चालत गेलेलो.

शेतात पळत गेलो. "मावशे, गाडी तेवढी सरकवा, पाया पडतो."

मावशी म्हनली, "सरकवताव की. पोरं जेवायलेत. तू बी बस."

"जेवून आलाव मावशे. आत्ता, पलीकडच्या रानात."

"ते त्यांच्या रानाचं. हितं आमच्या रानाचं."

"पिल्लं मरायलेत..."

"तेच म्हनते, लौकर बस, लौकर खा. उपाशी पोटानं गाडी ढकलती का?"

यात काय चूक हाय तिची? मला एक बी वाईट मानूस भेटला न्हाई त्या दिशी. वाईट भेटला असता तर भांडून तरी निघालो असतो. ही मानसं मला प्रेमानं वाढायलीत आन् मी खायलोय, आन् गाडीत पत्रा तापायलाय. बायको डबे उतरवून बाभळीच्या सावलीला मांडायली, तर पोरं गोळा झाली, एक कुत्रं आलं, वर घार फिरायली. परत गाडीत भरली. भरून हुतंय तवर पुढची बैलगाडी सरकली. चार पावलं गेलो, तर पुढं अजून एक गाडी आडवी.

किती गाड्या हुत्या ते मी मोजलो न्हाई. प्रत्येक गाडीचा मालक शेतात, प्रत्येक शेतात भज्जी. कुठं तिखट, कुठं अळणी. शेवटी शेवटी मी न चावताच गिळायलो. एका ठिकानी आंबिलीचा तांब्या तोंडाला लावलो आन् डोळ्यातून पानी आलं, तर वाढनारी अक्का म्हनली, "बगा, आमची आंबील किती गोड लागायली दादाला!" मी मान हलवलो. काय सांगू तिला?

बायको पत्र्याला कान लावून बसलेली. एकदा मी इचारलो, "वरडायलेत का?"

"इचारू नका," म्हनली.

संतपूरच्या अलीकडं पोचलाव तवा ऊन कलायला लागलं हुतं. शेडपाशी पोरगा आन् त्याची बायको उभे. शेडीत भुसा पसरलेला, ऊब द्यायला कंदील पेटवून टांगलेले, पान्याची भांडी भरून ठेवलेली. पोरगा पळत आला. "आलाव का अन्ना!" म्हनला, आन् माझं तोंड बघून मागच्या दाराकडं पळाला.

वरचे डबे उघडले. त्यातली पिल्लं जिती हुती, मलूल पन जिती. त्याची बायको एकेक उचलून भुशात सोडायली, त्यांची चोच पान्यात बुडवायली. खालचे डबे त्यानं उघडले. ते उघडले आन् लगेच झाकले. परत उघडले. आतली पिल्लं एकमेकांवर डोकं टेकून, झोपल्यावानी. तिनं त्यातलं एक उचललं, हातावर घेतलं, फुकलं, चोळलं. दुसरं उचललं, तसंच. माझी बायको बी तिच्याशेजारी बसली आन् चोळायली. मी हात बांधून उभा. मला कुनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी तोंड उघडलो, "वाटंत गाड्या..." आन् पुढं काय सांगू? जेवत हुतो म्हनून? माझ्या मिशीला खीर लागलेली हुती, हे मला घरी येऊन कळलं.

पोरगा उठला, हात धुतला. मंग खाली बघत म्हनला, "अन्ना, येळवस हाय. आमी बी केलाव थोडं. खाताल का... आमच्यात?"

माझं पोट फुटायला आलं हुतं. घास बघितला तरी उलटी आली असती. पन मी 'नको' म्हनलो तर ते पोटाचं 'नको' हाय का जातीचं, हे त्यानं कसं वळखावं? जात मानू नका म्हननाऱ्या बसवन्नाचा म्हनवनारा मी, सगळ्या वाटंनं सगळ्यांच्या कोपीत खाऊन आलेलो. पोट फाडून दाखवलो असतो तर बी त्याला पटलं नसतं. बायकोनं माझ्याकडं बघितलं आन् आधी तीच बसली.

मी बसलो. त्याच्या बायकोनं वाढलं. तिच्या हाताला अजून पिवळी लव चिकटलेली हुती. "सावकाश खावा," म्हनली. दिवसभरात मला सावकाश खा म्हननारी ती एकटीच. मी खाल्लो. सगळं खाल्लो, भाकरीचा तुकडा बी सोडलो न्हाई. भाड्याचं नाव त्यानं काढलं न्हाई, मी तर काढनारच नव्हतो.

"मंग ते गेले का हैदराबादेला?" नव्या नवरीनं मधीच इचारलं. ती आता हसत नव्हती.

मला ठाऊक न्हाई. पुढल्या साली त्या वाटंनं गेलो तर शेडीला पत्रा नव्हता. पत्रा इकून गेले, का दुसरीकडं मोठी शेड केले, कुनाला इचारायची माझी छाती झाली न्हाई. छाती तीच, मघाशी सांगितलेली.

तर पोरा, व्हॅन घ्या. बायकोला बी चालवायला शिकव. डांबरी सोडू नको म्हनली तर सोडू नको. दोर तिलाच बांधू दे. घाईचा माल घेताना मालकाला किती घाई हाय ते तर इचारशीलच, वाटंवरच्या मानसाला घाई हाय का, ते बी इचार. नसली तर काय करायचं, हे मात्र मला इचारू नको. मला आजून कळलेलं न्हाई.

त्या सांजेला आमी परत निघालाव. डांबरीनं. गाडी रिकामी, मागं नुसते डबे एकमेकांवर आपटायलेत. शेतातून मानसं घराकडं निघालेली. एका वळनावर एका बाईनं हात केला, हातात झाकलेली दुरडी. उरलेलं वाटायली असंल. मी बघितलं न बघितलं केलो, गाडी तशीच पुढं दामटलो.

"थांबवा की," बायको म्हनली. डांबरी सोडली तवापासून पयल्यांदा माझ्याकडं तोंड करून बोलली. "आता काय घाई हाय?"

मी थांबवलो.