यंत्र तापतंय

रशीदबरोबर मराठवाड्यातल्या संगीताचं एक युग संपलं, असं शोकसभेत एका वक्त्यानं सांगितलं. हे युग छावणीत रशीदच्या घरी, मागच्या खोलीत भरायचं आणि त्याला बहुधा दोनच माणसं हजर असायची. एक रशीद, दुसरा मी. त्यातही मला सुरातलं काही कळत नाही.

आमची ओळख शाळेपासूनची. मी कॉलेजात मराठी शिकवत राहिलो. तो वाळूजच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्त करायचा आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर वाजवायचा. जुनं, जड धूड होतं ते. विजेवर स्वतः आवाज तयार करणारं... आणि थंड असताना सूर न धरणारं. म्हणून मांडवात पोचलं की आधी ते चालू करायचं आणि मग सगळ्यांनी चहाला जायचं, असा ऑर्केस्ट्राचा रिवाज. पडेगावच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामानं घाई केली. थंड मशीनवर गाणं सुरू झालं. सूर हळूहळू सरकत गेला, गायक त्याच्या मागं मागं गेला, बासरीवाला मात्र जागचा हलला नाही. मामा म्हणाले, "लई भारी!" रशीद हा किस्सा पुढं कितीतरी वर्षं सांगायचा आणि दरवेळी त्याचा चेहरा पडायचा.

तो निवृत्त झाला तोवर त्या यंत्राचे भाग मिळेनासे झाले होते. हल्लीची पोरं गाणी कंप्युटरवरच बनवतात, तर यंत्रच कंप्युटरमध्ये उतरवू, असं त्यानं ठरवलं. प्रोग्रॅमिंग शिकला. एकेक बटण फिरवून आवाज मोजत बसला. मेमधली दुपार वेगळी, डिसेंबरातली सकाळ वेगळी, भिंतीवर थर्मामीटर. काही वर्षांनी पडद्यावर हुबेहूब यंत्र उभं राहिलं. त्याखाली एक ओळ होती : "यंत्र तापतंय. चहा घ्या." बारा मिनिटं. तोवर पट्टी दाबली तरी आवाज नाही. मामाला आता संधी नव्हती.

बाहेरगावच्या एका कंपनीला आवाज फार आवडला. व्हिडिओ कॉलवरचा तरुण म्हणाला, "सर, फक्त ते बारा मिनिटांचं काढा, जगभर पोचवतो." आपल्यामागं हे यंत्र कुणीतरी वाजवावं, एवढंच तर रशीदला हवं होतं. तरी तो नको म्हणाला.

मी चिडलो. "अरे, कंप्युटरला कसली थंडी वाजते?"

"मशीन का नहीं रे मास्तर, बजानेवाले का सवाल है. तू लग्नात जेवायला यायचास. तुला काय कळणार?"

"मग ठेव कुलपात!"

"हौ, ठेवतो."

दोन महिने आम्ही बोललो नाही. मग मीच गेलो. त्यानं स्टूल पुढं सरकवलं...

रशीदचा चाळिसावा झाल्यावर त्याच्या बायकोनं, भाभींनी, बोलावलं. कंपनीचा पुन्हा मेल आला होता. भाभींनी होकार दिला की ती बारा मिनिटं कंपनीवालेच काढून टाकणार होते. "तुम्हीच काढा म्हणत होता ना, भाईसाब? अब बोलो, हौ लिहू का नको?" मी एक दिवस मागून घेतला.

घरी येऊन लॅपटॉपवर रशीदचं यंत्र उघडलं. यंत्र तापत होतं. मी मामासारखी दोनदा पट्टी दाबून पाहिली, मग उठून चहा ठेवला. तो संपेपर्यंत काय काय आठवलं ते लिहीत नाही. बरंचसं भांडणच होतं. बारा मिनिटांनी आवाज लागला. मी एकच पट्टी दाबून धरली... आणि दुसऱ्या हातानं भाभींना फोन लावला.

"भाभी, नको लिहा."

"मालूम था," त्या म्हणाल्या.

आणखी थोडं ऐकत बसणार होतो, पण माझ्याकडची प्रत नमुन्याची आहे. पंधरा मिनिटांनी आपोआप बंद पडते. पूर्ण हवी तर विकत घे, असं रशीदनं मला बऱ्याचदा सांगितलं होतं.