इंग्रजीची वही, नात इरा आणि भीमबेटका

...आणि सगळ्यात आधी कोण टपकलं म्हणाल, तर पाहुणे नाहीच! आली ती समोरची रश्मी. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी साडेसातला, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून. "आजी, रिविजन हुआ?" म्हटलं, बाई गं, आधी चहा तर घे.

तुम्हाला नीट सांगते. लंडनहून माझा मुलगा मिलिंद, सून स्नेहल आणि सात वर्षांची इरा नाताळच्या सुट्टीत इथे भोपाळला येणार होते. इराला मराठी थोडंफार समजतं, पण बोलायला तोंड उघडत नाही. माझी शाळा वर्ध्याकडच्या खेड्यात, चौथीपर्यंत. पुढे ह्यांची कारखान्यातली नोकरी, म्हणून ह्यांच्या मागे भोपाळच्या इंद्रपुरीत आले, ती इथलीच झाले. रश्मी इथे मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. चार महिन्यांपासून तिच्याकडे मीही बसते, आठवीच्या पोरींच्या मागे.

रश्मी म्हणाली, "आजी, बड़े-बड़े वर्ड छोड़ो. घर में जो चलता है वो सीखो." म्हणजे गेट अप, पुट ऑन, स्विच ऑफ. एका शब्दाला दुसरं शेपूट. 'पुट ऑन' म्हणजे स्वेटर घालणं, 'पुट ऑफ' म्हणजे काम उद्यावर ढकलणं, आणि 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं, मी ह्यांच्या घोरण्याचं चाळीस वर्षं केलं ते! पोरी कुरकुरायच्या, पण मला सोपं वाटलं. आपण नाही का म्हणत, जेवून घे, देऊन टाक, बसून राहा? त्या 'घे'त काही घ्यायचं नसतं, 'टाक'मध्ये काही टाकायचं नसतं. वही भरली माझी.

एवढा खटाटोप एका वाक्यासाठी. मिलिंद-स्नेहलला शनिवारी-रविवारी इंदूरला मित्राकडच्या लग्नाला जायचं होतं. इरानं तेवढे दोन दिवस माझ्याजवळ राहावं, अशी माझी फार इच्छा. मिलिंद फोनवर म्हणाला, "आई, ती हो म्हणाली तरच. नाहीतर तिलाही नेतो. मी विचारतो तिला."

"तू नाही. मी विचारीन."

कारण आहे. मिलिंद इथल्या कॉन्व्हेंटात होता तेव्हा शाळेत पालकांना बोलवायचे. ह्यांची ड्यूटी, म्हणून मी जायची. मॅडम इंग्रजीत पाच मिनिटं बोलायच्या, मी मान डोलवायची, आणि मिलिंद मराठीत सांगायचा, "आई, मी हुशार आहे म्हणतात." तीन वर्षं मी खुश. पुढे ह्यांनी सुट्टी काढून स्वतः जाऊन ऐकलं तेव्हा कळलं, की साहेब वर्गात बेंचावर चढून नाच करत होते. तेव्हापासून दुभाष्यावर माझा भरवसा नाही.

तर ते आले, आणि गुरुवारी आम्ही सगळे भीमबेटक्याला निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते: टॅक्सी दिवसभरासाठीच ठरवा. सकाळी आठलाच निघा, मंडीदीपला ट्रकांची गर्दी व्हायच्या आत. आमचे ड्रायव्हर रफीकभाई. मिसरोदला त्यांनी पोहे-जिलबीला थांबवलं. पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला, सोबत गरम जिलबी. वर्ध्याच्या माणसाला आधी हे विचित्र वाटतं, नंतर सुटत नाही. ह्यांचंही तसंच झालं होतं. पूर्वी कारखान्याच्या बसनं सहलीला यायचो तेव्हा डब्यात पुऱ्या असूनही हे पोह्यांसाठी बस थांबवायला लावायचे. सगळी बस हसायची.

पोह्यांपासूनच मी सुरुवात केली. "इरा, सिट डाउन. ईट अप. हरी अप." गाडीत, "पुट ऑन युवर कॅप. शट अप द विंडो." तिथे मिलिंद खोकला. म्हटलं, खोक. मी थांबणार नव्हते. इरा मात्र खिडकीला चिकटून बसलेली, एकेक शब्दात उत्तर. ओबेदुल्लागंजच्या पुढे रफीकभाईंनी आरशातून पाहिलं.

"अम्मां, बच्ची ने क्या किया? सुबह से डांट रही हो."

"डांट नहीं रही, भैया. बात कर रही हूं."

"अच्छा? मुझे अंग्रेजी नहीं आती, पर डांट तो हर जबान में समझ में आती है."

तेवढ्यात इरानं बापाच्या कानात काहीतरी विचारलं. मिलिंदनं ह्या वेळी खरं सांगितलं. "आई, ती विचारतेय, आजी रागावलीय का?"

रश्मी वर्गात दिवसभर जे ओरडते तेच मी वेचून आणलं होतं, दुसरं काय! बस, ऊठ, चल, आण. चार महिने शिकून मी नातीला नुसते हुकूम सोडत होते. अशा आजीकडे कोण राहील? वही पिशवीत कोंबली.

भीमबेटका म्हणजे आदिमानवाच्या चित्रांच्या गुहा, जंगलात, टेकडीवर. तिकीट गेटवरच काढायचं. आत खायला काही मिळत नाही, पाणी घरून न्या. वाट सोपी आहे, पण दगडधोंड्यांची, म्हणून चप्पल नको, बूट घाला. मी चप्पल घातली होती. पहिल्या मोठ्या गुहेनंतर गुडघ्यानं जाहीर केलं की पुरे. मिलिंद-स्नेहल फोटो काढत पुढे गेले. मी एका दगडावर टेकले. इरा मागे राहिली, माझ्याकडे बघत.

मी म्हटलं, "आय गिव्ह अप, इरा. तू जा."

तिचा चेहरा एकदम बदलला. "नो, आजी! गेट अप!" हात पुढे. "कम ऑन. होल्ड ऑन टू मी."

उठले बाई. दोन पावलं भराभर टाकली तर पोरगी ओरडली, "स्लो डाउन!" पाणी दिलं. "ड्रिंक अप!" मी निमूट प्यायले. तिला इतका आनंद झालेला, की विचारू नका. जन्मात तिला कुणी हुकूम सोडू दिला नसेल. मग ती पुढे, मी मागे. तांबड्या रंगाचे घोडे, पांढरे हत्ती, शिंगांवाली हरणं. 'लुक अप' म्हटलं की मी वर बघायची, 'सिट डाउन' म्हटलं की बसायची. ह्यांच्यासोबत आले होते तेव्हा हीच चित्रं पाहिलेली. तेव्हा नजर सगळी मिलिंदवर, कुठे चढतो, कुठे पडतो. चित्रं खरं तर आत्ताच पाहिली.

कासवासारख्या दगडाजवळ बसलो तेव्हा मी विचारलं. पाठ केलेलं वाक्य, पण ह्या वेळी हळू. "इरा, विल यू स्टे ओव्हर विथ आजी? मम्मी-पप्पा इंदूर. यू बॉस. मी ऐकीन."

ती विचारात पडली. नखानं दगड खरवडत राहिली. मग म्हणाली, "कॅन आय वेक यू अप?"

ह्यांची पहिली पाळी असायची तेव्हा पहाटे पाचला हे मला हलवून उठवायचे, चहा हवा म्हणून. हे गेल्यापासून मला कुणी उठवलेलं नाही. मीच उठते.

"येस," मी म्हटलं. "वेक मी अप."

ती राहिली. शनिवारी साडेपाचला माझ्या अंगावर चढून तिनं मला उठवलं. मी खरं तर पाऊण तास जागीच होते, पण डोळे मिटून पडले होते. दोन दिवस घरात तिचंच राज्य. वरणाची वाटी 'फिनिश अप' करायची ती मी. रविवारी रात्री मिलिंद इंदूरहून आला तेव्हा ती त्याला मराठीत म्हणाली, "आजी दमली." आणि मला, "बसून राहा." दुभाषी नको, मी स्वतः ऐकलं.

मंगळवारी स्टेशनवर मी रडले नाही. थोडी रडले. गाडीच्या खिडकीतून इरानं बोटांवर मोजून सांगितलं. तिची शाळा जुलैतल्या तिसऱ्या शुक्रवारी 'ब्रेक अप' होते, म्हणजे सुट्टी लागते. शनिवारी विमान. रविवारी सकाळी भोपाळ.