वाळूचे नट आणि माझा सोनेरी रंग

गाडीला काळी चकचकीत चाकं लावून हिंडणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. पेणमध्ये ही जमात हल्ली गल्लोगल्ली झाली आहे. कंपनीने दिलेली चाकं चांगली गोल असतात, गाडी सुरळीत चालत असते, तरी यांना दुसरी हवीत. आमच्या आदेशलाही हवी होती. तो माझा मुलगा, वय अठ्ठावीस, आणि आरशात बघण्याखेरीज त्याला दुसरा छंद नाही. त्याने रोह्याला रितेश नावाच्या मित्राच्या टायरच्या दुकानात चाकं पसंत केली आणि आम्हा नवराबायकोला मिरवायला सोबत नेलं. वाळूला मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. आदेशच्या चाकांवर शाई खर्च करायची माझी इच्छा नाही. हे लिहितोय ते वाळूसाठी.

वाळू त्या दुकानातला फिटर. नागोठण्याजवळच्या आदिवासी वाडीवरचा, चाळिशीचा, बारीक, कमी बोलणारा. रितेशच्या बापाने दुकान काढलं तेव्हापासून, म्हणजे सोळा वर्षं, तो तिथे चाकं चढवत होता. वाडीवरची बाकी माणसं वीटभट्टीवर नाहीतर कोणाच्या शेतात रोजाने जायची. वाळूला मात्र कायमचं काम होतं, आणि त्या कामावर त्याचं नाव होतं. "वाळूने आवळलेला नट," असं रोह्याचे रिक्षावाले म्हणायचे. त्याची पद्धत ठरलेली. नट आधी बोटांनी फिरवायचा, मग पाना घेऊन समोरासमोरचे आवळायचे. शेवटी खिशातली तंबाखूची डबी काढायची आणि बोटाने ओल्या चुन्याची एक रेघ नटावरून चाकावर ओढायची. चुना वाळला की नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते, म्हणून. मला ते बघूनच शिसारी आली होती. नव्या चाकांवर तंबाखूचा चुना!

आता माझ्याबद्दल. माझं नाव पोपट. पेणला माझा गणपतीचा कारखाना आहे आणि चाळीस वर्षं मी मूर्ती रंगवतोय. खड्डा, चीर, डाग मला बघवत नाही, जेवण जात नाही. आठ दिवसांपूर्वी पंक्चर काढताना मी चाकामागची ती लोखंडी चकती पाहिली होती, जिच्यावर चाक बसतं. हब म्हणतात तिला. गंजलेली, खड्डे पडलेली, देवीच्या रोग्यासारखी. नव्या चाकांच्या फटींतून ती लोकांना दिसणार, या विचाराने माझी झोप उडाली होती. म्हणून मी घरून पिशवी भरूनच नेली: मूर्तीचे खड्डे बुजवायची लांबी, पांढरं अस्तर, पिवळा, आणि मुकुटाचा सोनेरी.

वाळूने जुनी चाकं उतरवली आणि मी हबापुढे पाट टाकून बसलो. गंज पुसला, खड्ड्यांत लांबी भरली, वर अस्तर, वर पिवळा, वर सोनेरी. उन्हात प्रत्येक हात सुकायला वेळ दिला. चार हब झाले तेव्हा दुपार कलली होती आणि ते खरंच मुकुटासारखे दिसत होते. आदेशने फोटो काढले.

वाळू एवढा वेळ उभ्याने बघत होता. मी उठल्यावर तो वाकला, हबावर तळवा फिरवला आणि म्हणाला, "शेठ, ह्ये खरवडायला लागंल."

"काय?"

"चाक लोखंडाला लोखंड बसाया पायजे. मधी लांबी नाय चालत. आन ही कडी पन बसत नाय आता." त्याच्या हातात एक पातळ कडी होती. या बाहेरच्या चाकांचं मधलं भोक मोठं असतं, ते हबावर नेमकं मधोमध बसावं म्हणून कडी घालतात. माझ्या रंगाने हबाचा गळा जाड झाला होता. "कडी नाय घातली तं स्टेरिंग थरथरंल, शेठ."

मी किती वाईट बोललो ते इथे लिहवत नाही, पण लिहिलं नाही तर या लेखाला अर्थ नाही. "चाळीस वर्षं मी देव रंगवतो, आणि तू, रानातून आलेला, मला रंग कुठे द्यायचा ते शिकवतोस?" असं म्हणालो मी. दुकानात सहा-सात माणसं होती. रितेश हसत हसत म्हणाला, "वाळू, काका सांगतात तसं कर. कडी नसली तरी चालतं, नट आहेत ना." वाळूने चारही कड्या खिशात टाकल्या, चाकं चढवली, चुन्याच्या रेघा ओढल्या. दुकानाबाहेर पडल्या पडल्या आदेशने रुमालाने त्या पुसून काढल्या.

पेणच्या वाटेवर वेग सत्तरला पोचला आणि स्टिअरिंग हातात थरथरू लागलं. साठला शांत, सत्तरला थरथर, ऐंशीला तर पुढच्या काचेला चिकटवलेला देवही नाचायला लागला. मागच्या सीटवरून आमची विमल एकच वाक्य बोलली, "तो माणूस सांगत होता." मी तिला गप्प केलं.

पुढचे पंधरा दिवस पेणमध्ये तीन ठिकाणी पुढच्या दोन चाकांचं बॅलन्सिंग केलं. प्रत्येक जण आधीच्याने चिकटवलेली शिशाची वजनं उपटायचा, तोंड वाकडं करायचा आणि आपली चिकटवायचा. चाकं उतरवणाऱ्या तिघांनीही माझा सोनेरी हब पाहिला, "वा, काय फिनिशिंग!" म्हणाले आणि चाक पुन्हा त्याच्यावरच चढवलं. अशा कारागिरांची मला किळस येते. थरथर होती तिथेच होती.

शेवटी आम्ही रितेशकडे भांडायला गेलो. त्याने पुढच्या चाकाला पाना लावला आणि नट सहज अर्धा फेरा फिरला. "हे बघा, ढिला!" तो ओरडला. "वाळ्या, पिऊन काम करतोस काय?"

वाळू पीत नव्हता. रितेशला ते माहीत होतं. पुढची चाकं पेणला तीनदा उतरली-चढली होती, म्हणजे तो नट मुळात वाळूने आवळलेला नव्हताच. तेही आदेशला आणि मला माहीत होतं. आणि लांबीचं तर सगळ्या दुकानाला माहीत होतं. वाळूने रितेशकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

मी छताकडे बघत राहिलो. मुलासमोर, दुकानातल्या सगळ्यांसमोर, माझ्या रंगाने घाण केली असं बोलायला माझी जीभ उचलेना. रितेशने त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. वाळूने डबी खिशात घातली, चपला पायांत घातल्या आणि गेला. सोळा वर्षांचं काम मी तोंड न उघडता संपवलं. येताना आदेश म्हणाला, "बरं झालं, दारुडाच होता," आणि मला त्या पोराची जेवढी किळस आली तेवढी जन्मात कधी आली नव्हती. ती त्याची नव्हती, हे कळायला मला नागोठण्यापर्यंतचा रस्ता लागला.

चार दिवस मी जेवलो नाही असं नाही; जेवलो, पण विमल ताट वाढायची आणि बोलायची नाही. पाचव्या दिवशी मी एकटाच गाडी घेऊन साठच्या वर न जाता वाडीवर गेलो. वाळूची बायको पारी अंगणात होती. तिने मला बस म्हटलं नाही. "शेतावर हायेत. वाल उपटाया," एवढंच बोलली.

दुसऱ्याच्या शेतात तो वाकून वालाची रोपं उपटत होता. मी बांधावरून म्हणालो, "वाळू, चूक माझी होती."

"व्हय," तो म्हणाला आणि दोन रोपं उपटून झाल्यावर आला.

गाडी त्याने रस्त्याकडेला घेतली. मागचं डावं चाक पेणच्या कोणीच उतरवलं नव्हतं, आणि तिथल्या एका नटावरची रेघ घाईत आदेशकडून पुसायची राहून गेली होती. वाळूने वरची धूळ पुसली. चुन्याची रेघ अखंड होती. मग त्याने पाना लावला आणि नट अर्धा फेरा फिरला.

"नट हालला नव्हता, शेठ. खालचं दबलं."

चाक उतरवलं. माझा मुकुट भुगा झाला होता. सोनेरी पापुद्रे, खाली चुरडलेली लांबी, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला लोखंड उघडं. असल्या पायावर चाक सरळ बसणार कसं? त्याने मला ब्रश दिला नाही, पत्रा दिला. "खरवडा." मी चारही हब खरवडले, गंजापर्यंत, लोखंडापर्यंत. हातांना फोड आले. मग त्याने घरून चार कड्या आणल्या. त्या दिवसापासून त्याने त्या जपून ठेवल्या होत्या. कडी टक्कन बसली. नट बोटांनी, मग पाना, मग चुना.

तसेच आम्ही रोह्याला गेलो. वाटेत मी काटा ऐंशीपर्यंत नेला; स्टिअरिंग गप्प होतं आणि वाळूही. दुकानात गिऱ्हाईकं होती, बरं झालं. मी सगळ्यांसमोर सांगितलं: रंग माझा, लांबी माझी, कडी नको म्हटलं ते आम्ही, आणि हा माणूस पीत नाही. रितेश जराही शरमला नाही. "मला तेव्हाच माहीत होतं, काका," तो म्हणाला. "पण गिऱ्हाईकाला चुकलात कसं म्हणणार? कोणाच्या तरी माथी मारायला लागतंच ना." मग वाळूकडे वळून, "ये उद्यापासून."

वाळूने पान्यांच्या फळीकडे पाहिलं. "येतो," तो म्हणाला. "पन ह्यांच्या गाडीला पुन्हा हात लावनार नाय."

माझ्याकडे न बघताच तो बोलला. बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आदेश रुमाल घेऊन चाकापाशी बसला. "पप्पा, पुन्हा हा चुना..." त्याचा रुमाल मी हिसकावून गटारात फेकला.