पापणीखालचा रंग

मुरबाडहून आमच्या गावात रक्तवाढीच्या लाल गोळ्या घेऊन येणाऱ्या नर्सबाईंचं नाव मी कधी विचारलंच नाही. आल्या की आधी गार अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढून बघायच्या. "पांढरीफटक गो. गोळी खातेस ना?" मी मान हलवायची. तेव्हा थोरली माझ्या पोटात होती. गोळीनं पोर पोटातच मोठं होतं, मग सुटका होत नाय, असं सासूबाई सांगायच्या. म्हणून मी गोळ्या दुधीच्या वेलाखाली पुरायची.

एकदा त्यांना तिथं पावसानं उघड्या पडलेल्या, भिजलेल्या गोळ्या दिसल्या. त्या रागावल्या नाहीत. "वेलाला बरं रगात चढलंय," एवढंच म्हणाल्या आणि दमून ओटीवर टेकल्या. मला कसं धाडस झालं कोण जाणे, मी त्यांचीच पापणी ओढून बघितली. माझ्यापेक्षा पांढरी होती.

"बाई, तुमी खाता का?"

त्या ओशाळून हसल्या. "सगळ्यांना वाटता वाटता राहून जातं."

मी त्यांच्या पिशवीतल्या दोन गोळ्या काढल्या, पाणी आणलं. आम्ही दोघींनी एकदमच गिळल्या.

थोरली आता मोठी झाली. तिची पापणी मी बघते, आणि माझी तिला बघायला लावते.