पाच मणांचा धोंडा

काळाचौकीतली पोरे मुंबई मिळवायला मोर्च्यांत जात होती त्या दिवसांत मी, नवीनच झालेली शाळामास्तरीण, किलो आणि मीटर पाठ करत होते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशातली गत. त्यातच चाळीच्या व्यायामशाळेची स्मरणिका निघायची ठरली आणि तिचा इतिहास लिहायचे काम माझ्याकडे आले. मी ठरवले, इतिहास जुना असेना का, मापे नवी हवीत! पहिल्या अध्यक्षांची पाच फूट दोन इंच उंची मी एकशे सत्तावन्न सेंटिमीटर केली, तर त्यांची म्हातारी बायको म्हणाली, "मेल्यावर वाढले काय गो?"

मग बाबांची पाळी आली. तरुणपणी बाबांनी व्यायामशाळेच्या दारातला धोंडा खांद्यावर घेऊन चाळीला फेरी मारली होती. धोंडा पाच मणांचा. गिरणीत गुडघे गेले, दात गेले, पण चाळ अजून त्यांना 'पाचमणी' म्हणे आणि न्हावी त्यांना रांगेत बसवत नसे. बाबांची सगळी मिळकत म्हणजे तो धोंडा.

"पाच मणच लिव," बाबा म्हणाले.

"बाबा, उद्याच्या मुलांना मण कळणार नाही."

मी सरकारी तक्ता काढला, गुणाकार केला आणि छापून आणले: एकशे शहाऐंशी किलो सहाशे ग्रॅम. सहाशे ग्रॅमसुद्धा सोडायचे नाहीत असा माझा बाणा होता.

अंक वाटला आणि व्यायामशाळेतली पोरे खो खो हसली. एवढे वजन माणूस उचलतो होय? चौघांनी धोंडा हातगाडीवर चढवला आणि कोपऱ्यावरच्या लाकडाच्या वखारीत नेला, तिथे नवी वजने आली होती. बाबा धुतलेला सदरा घालून, केस विंचरून मागोमाग निघाले. त्यांना खात्री होती, म्हणून मलाही होती.

काटा साडेत्रेसष्ट किलोवर थांबला.

"पाचमणी कसले, पावणेदोनमणी!" कोणीतरी ओरडले. बाबा खाली बघत सदऱ्याचे बटण चाचपत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

वखारवाल्या म्हाताऱ्याने माझ्या हातातला अंक घेतला. "मास्तरीणबाई, हा हिशेब कुठल्या मणानं केलात? तुमचा हा सरकारी मण, रेल्वेवाला. सदतीस किलोच्या वर जातो. आपला मुंबईचा मण अठ्ठावीस रत्तलांचा, म्हणजे पौंडांचा, जेमतेम बारा किलो सातशे ग्रॅम." त्याने पाटीवर पाच वेळा मांडून दाखवले. साडेत्रेसष्ट!

म्हणजे बाबा पहिल्यापासून खरे बोलत होते. खोटे मी छापले होते, तेही ग्रॅमपर्यंत.

बाबांनी मान वर केली. "मुंबईसाठी पोरं लाठ्या खातात, आणि तू घरात बसून मुंबईचा मण दिल्लीला देऊन आलीस?"

आता सगळी वखार मला हसली. हसू देत, मला हायसे वाटले. त्या आठवड्यात मी प्रत्येक अंकात 'पाच मण, मुंबईचे' अशी चिठ्ठी खळीने चिकटवली. तेव्हापासून जुन्या गोष्टी लिहिताना मी जुन्या मापांना हात लावत नाही.

पण त्या दिवशी धोंडा काट्यावरून उतरवायचा राहिला होता. चौघेही पुढे सरसावले. बाबांनी काठी आडवी धरली.

"एकेकानं या," ते म्हणाले. "त्रेसष्टच किलो आहे."