दुपारचा ओढा

प्रेरणाच्या पायांना ते गाव माहीत नव्हतं, जिभेला मात्र पाठ होतं. फ्रान्सच्या डोंगरातलं कोंबन्वार. चाळीसेक घरं, एक पडका टेहळणी बुरूज, एका भिंतीवर रंगवलेलं सावलीचं घड्याळ, साऱ्या गावात मिळून पाव भाजायची एकच जुनी भट्टी. आणि ओढ्यापलीकडं, चढावर, आतून चित्रांनी भरलेलं दगडी प्रार्थनाघर. उन्हाळ्यात तिथं भाड्याच्या घरांत उतरणारे लोक फोन लावायचे, आणि तो पुण्याच्या एका कंपनीतून फिरून संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात, प्रेरणाच्या घरी कपाट आणि गॅसच्या ओट्यामधल्या टेबलावर वाजायचा. वाट कुठून जाते, किती वेळ लागतो, वर पाणी मिळतं का. प्रेरणा नकाशावर बोट ठेवून सांगायची. पाच वर्षं ती बोटानंच तो डोंगर चढत होती.

सिल्लोडजवळच्या खेड्यात कापूस वेचत वाढलेली ही मुलगी विद्यापीठात फ्रेंच शिकली, ती वेरूळला गाईड व्हायचं म्हणून. दोन हंगाम तिनं ते कामही केलं. मग साथ आली, परदेशी पाहुणे यायचे थांबले, आणि लग्नानंतर हे घरबसल्या काम मिळालं. नवरा गोकुळ बिडकीनला कंपनीत पाळीवर जाई. सासूबाई द्वारकाबाई भाजी निवडता निवडता सुनेचं परदेशी बोलणं ऐकत बसत.

"त्या बाईला एवढं दादा-बाबा करती," त्या म्हणायच्या, "माह्याशी बोलताना आवाज कसा बसतो तुहा?"

कामाचे नियम मोजकेच होते. लिहून दिलेल्या माहितीपलीकडं सल्ला द्यायचा नाही. आपण कुठून बोलतोय ते सांगायचं नाही. प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो. सोबत लागलेली श्रेया एका पाहुण्याला चुकीचा फाटा सांगून बसली, आणि दुसऱ्या दिवशी तिचं लॉगिन बंद होतं. कुणी रागावलंदेखील नव्हतं. प्रेरणाला त्याचीच जास्त धास्ती वाटायची.

जूनमधल्या त्या दिवशी साडेबाराला फोन आला, तेव्हा तिकडं सकाळचे नऊ वाजले होते. ओदेतबाई. वय शहात्तर, एकट्या, आवाज कोरडा आणि नीटस.

"मला प्रार्थनाघरातल्या भिंतीची चित्रं वहीत उतरवायचीत. जाताना ओढा ओलांडला की परत कधी निघू? अंधार नको व्हायला."

"हवा कशी आहे?"

"आठ दिवस थेंब नाही. आज तर भाजतंय."

प्रेरणाच्या डोळ्यांसमोर माहेरच्या शिवारातला ओढा उभा राहिला. होळीनंतर खडक उघडे पडणारा, कडक उन्हात घोट्याएवढाही न उरणारा. कागदावर याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. तिला कागद लागला नाही.

"मग घाई कशाला करता? दुपारपर्यंत दगड वाळतील. परत येताना चारच्या सुमाराला ओढ्यात उतरा. एवढ्या उन्हात पाणी अगदी कमी असेल."

"चार," ओदेतबाई म्हणाल्या. लिहून घेतल्याचा आवाज आला.

संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी रेमीचा फोन आला. रेमी म्हणजे त्या घरांची देखभाल करणारा माणूस, गावचाच. एका घरातल्या पाणी तापवायच्या यंत्राची तक्रार होती. ते झाल्यावर तो सहज म्हणाला, "आणि आज कुणी पलीकडं जायचं म्हणालं तर अडवा. वरचा बर्फ नुसता वितळतोय. सकाळी ओढा लहान मूल ओलांडेल, पण ऊन तापलं की दुपारी छातीला लागतो. जेवढं ऊन, तेवढं पाणी. इथं कुणाला सांगावं नाही लागत."

"हो," प्रेरणा म्हणाली, आणि फोन ठेवला.

तिकडं तीन चाळीस झाले होते.

ओदेतबाईंचा मोबाइल लावला. डोंगरात रेंज नव्हती. पुन्हा लावला. एक अनोळखी बाई फ्रेंचमध्ये तेच वाक्य परत परत सांगत राहिली. आता रेमीला सांगणं एवढंच उरलं होतं, आणि रेमीला सांगायचं म्हणजे तो विचारणार, चारला उतरायला त्यांना कुणी सांगितलं? उत्तर रेकॉर्ड होणार. प्रेरणा टेबलाच्या कडेला अंगठा घासत बसली. कदाचित बाई लवकर परतल्या असतील. कदाचित पाणी बघून थांबतील. नाही, त्यांनी लिहून घेतलं होतं. लिहून घेणारी माणसं लिहिल्याप्रमाणं वागतात.

"काय झालं गं?" द्वारकाबाई गवारीच्या शेंगा मोडत होत्या. "तोंड कशानं उतरलं?"

"एका म्हातारीला ओढ्यात उतरायला सांगितलं मी. पाणी चढलंय तिथं."

"मंग बस की अशीच. म्हातारी वाहून गेल्यावर सांग."

"आई, नोकरी जाईल."

"जाईल," द्वारकाबाई म्हणाल्या. शेंग मोडायच्या थांबल्या. "तिचं काय जाईल ते बघ ना बाई."

सात सोळाला प्रेरणानं रेमीला फोन लावला. सहा मिनिटं गेली होती. तिनं सगळं सांगितलं, मीच सांगितलं हेही सांगितलं. रेमीनं एकच शिवी हासडली, कुणाला ते कळलं नाही, आणि जीप चालू झाल्याचा आवाज आला.

मग काहीच नाही. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. खालच्या गल्लीत कुणीतरी "अरे भाई, गाडी हटा ना" म्हणून ओरडत होतं. प्रेरणानं नकाशा उघडला. ओढा तिथं निळी बारीक रेघ होता. त्या रेघेला ना आवाज, ना वेग, ना दुपार. पाच वर्षं ती या रेघेवरून माणसं पलीकडं पाठवत आली होती. आजवर कुणी बुडालं नाही, ते कुणाच्या हुशारीनं?

आठ पंचेचाळीसला फोन वाजला. रेमीच्या घरचा नंबर.

"आवाज ओळखला तुमचा," ओदेतबाई म्हणाल्या. "मी बरोबर चारला काठावर आले. एक पाय टाकला. काठी गेली वाहून. माझ्या नवऱ्याची होती. मग मागं सरकून बसून राहिले. रेमीनं लांबचा वळसा घेऊन वरच्या पुलावरून आणलं."

"लागलं का?"

"गुडघा. ते सोडा. एक सांगा, तुम्ही हा ओढा कधी पाहिलाय?"

पडद्याच्या कोपऱ्यात रेकॉर्डिंगचा तांबडा ठिपका होता. द्वारकाबाई ताट वाढायच्या थांबल्या होत्या.

"नाही," प्रेरणा म्हणाली. "मी भारतात आहे. औरंगाबाद, म्हणजे आता छत्रपती संभाजीनगर. तुमचं गाव मी पाहिलेलं नाही. बर्फसुद्धा नाही."

"मग पाणी कमी असेल हे सांगितलंत कसं?"

"आमच्याकडचा ओढा पाहिलाय. तो उन्हानं आटतो."

"उद्या मला बुरूज बघायचाय," ओदेतबाई म्हणाल्या. "तुम्हाला विचारू, की नको?"

"रेमीला विचारा," प्रेरणा म्हणाली. "आणि काठीचं... मला माफ करा."

"हं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

त्या रात्री प्रेरणानं संगणकावरच्या माहितीच्या कागदात एक ओळ घातली: दुपारनंतर ओढा ओलांडू नये, ऊन असेल तर मुळीच नाही. ओळ कुणी घातली ते यंत्रात आपोआप नोंदलं गेलं. पुण्याहून फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रोज सकाळी ती लॉगिन टाकायची. पडदा उघडायचा. कुणी ते रेकॉर्डिंग ऐकलं नव्हतं, की ऐकून ठेवून दिलं होतं, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

तिच्या कामाची रीत मात्र बदलली. आता ती वाट सांगायच्या आधी विचारते. एकेका फोनला वेळ लागतो, महिन्याच्या आकड्यांत ती मागं पडते.

"त्यांना वाट सांगती का त्यांनाच विचारती?" द्वारकाबाई म्हणतात.

"विचारते, आई."

परवा एका जोडप्याचा फोन आला, ओढ्याच्या काठावरूनच. तिथं रेंज आली होती. पलीकडं जायचं होतं, आणि दुपार व्हायला अजून अवकाश होता.

"समोर मोठा दगड दिसतो का?" प्रेरणानं विचारलं. "पाणी त्याच्या कुठवर आलंय? नीट बघा. मला घाई नाही."

आणि डोळे मिटून, टेबलाची कड घट्ट धरून, ती त्यांच्या बघण्याची वाट बघत राहिली.