पार्किंगमध्ये लावलेला विषय

लोर्ना पेक्काला मनात डूख धरणारी बाई नव्हे, असं अमेरिकेतल्या डुलुथच्या त्या फर्निचर कारखान्यात सगळे म्हणत. सगळे चुकत होते.

सोमवारची मीटिंग तिचा साहेब ग्रँट हालवर्सन घ्यायचा. माणूस महा बोलघेवडा. रविवारी गोठलेल्या तळ्यावर मासे धरल्याची गोष्टच अर्धा तास चालायची. लोर्ना माल पाठवण्याच्या खात्यात. ट्रकच्या धक्क्यावर बर्फ साचतो, तिथे कठडा बसवा, एवढंच ती मागायची. ग्रँट हसून फळ्याच्या कोपऱ्याकडे बोट करायचा.

"छान मुद्दा आहे. पार्किंगमध्ये लाव."

त्या कोपऱ्याला 'पार्किंग' म्हणत; विषयाबाहेरचं बोलणं नंतरसाठी तिथे लिहून ठेवायची पद्धत होती. ते 'नंतर' काही उजाडायचं नाही, आणि कोपरा कोणी पुसायचंही नाही. सगळं भिजत घोंगडं.

मग जानेवारीत त्याच धक्क्यावर व्हर्न घसरला. लोर्नाशेजारी बसून डबा खाणारा, तिच्या सँडविचला नावं ठेवणारा व्हर्न. खुब्याचं हाड मोडलं. तो पुन्हा कामावर आलाच नाही. पुढच्या सोमवारी ग्रँट म्हणाला, "माणसानं आपले बूट बघून घालावेत." लोर्नानं दातओठ खाल्ले. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना.

वसंतात वरून हुकूम सुटला: मीटिंगा आटोपशीर करा, कामाच्या करा. ग्रँटनं ही हमाली लोर्नाच्याच गळ्यात मारली. तिनं गुमान घेतली आणि नियम केले. पत्रिकेत नसेल ते पार्किंगमध्ये. पत्रिकेतला शेवटचा पाव तास पार्किंगचा, त्यातही जुना विषय आधी.

"मलाही लागू का गं?"

"सगळ्यांना."

"झक्कास," ग्रँट म्हणाला.

नियम लागू करायचा सोमवार लोर्नानंच निवडला. त्या दिवशी मुख्य कचेरीच्या मार्सियाबाई येणार होत्या, कारखान्याचा नवा प्रमुख ठरवायला. ग्रँट नवा टाय लावून उभा राहिला.

"आधी मी थोडं सांगतो, या मीटिंगा मी कशा सुधारल्या ते..."

"ते पत्रिकेत नाही, ग्रँट. पण छान मुद्दा आहे. पार्किंगमध्ये लाव."

खोलीत खसखस पिकली. ग्रँटला स्वतःच्या हातानं ते फळ्यावर लिहावं लागलं, सगळ्यात खाली. लोर्नाचं काळीज थंड झालं, पण अजून पुरतं नाही.

शेवटच्या पाव तासात तिनं सगळ्यात वरची ओळ वाचली: धक्क्यावरचा बर्फ, कठडा.

"हे कधीपासून पडून आहे?" मार्सियाबाईंनी विचारलं.

"व्हर्न पडला त्याच्या कितीतरी आधीपासून."

"कोण व्हर्न?"

"सांग की, ग्रँट," लोर्ना म्हणाली. "हा विषय पत्रिकेत आहे."

ग्रँट स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. लोर्नानं घड्याळ पाहिलं. वेळ भरपूर होता.